ताईच्या स्टुडिओचा नवा कॉम्प्युटर : नोंदवही

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

इचलकरंजीला ताईकडे. दसऱ्याला येतो म्हणालो होतो, ते आज जमलं. चहा उकळायच्या आत विषय निघाला. "एक्स्पोर्ट लावलं की मशीन मध्येच बंद पडतंय आणि आपोआप चालू होतंय. दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्ड गेलं. तू बघ की जरा." एक्स्पोर्ट म्हणजे एडिट झालेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं.

ताईचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ पहिल्या मजल्यावर, खाली यंत्रमागाची शेड. फरशीवर पाय ठेवला की माग चालू आहेत का बंद ते तळव्यांना कळतं. कॅबिनेटवर खंडेनवमीच्या पूजेची झेंडूची माळ अजून तशीच, आणि ती नेमकी पुढच्या जाळीवर, जिथून हवा आत जायची तिथं. माळ काढली. कॅबिनेटला हात लावला तर बोटांना मुंग्या आल्या. ताई म्हणाली, "ते होय, ते पहिल्यापासून हाय."

आत काय आहे : प्रोसेसर आय७-७७००, बी२५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०६०, २ आणि ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क. २०१७ सालचा संच. तेव्हा चांगला होता. आता अडचण अशी की विंडोज १०चे अपडेट येत्या १४ तारखेला थांबणार आणि विंडोज ११च्या यादीत सातव्या पिढीचा हा प्रोसेसर नाही. म्हणजे बंद पडणं थांबवलं तरी मशीन बदलायचंच आहे. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू, त्याआधी काम व्हायला हवं.

भिंतीवर एक कोरा कागद चिकटवून आलो. मशीन बंद पडलं की फक्त वेळ लिहायची, बाकी काही नको.

जुना एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, काढून सोबत आणला. ताईच्या मशीनला तात्पुरता माझ्याकडचा एक जोडून दिला, तोही फार दमाचा नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

रात्री जेवणानंतर जुन्या एसएमपीएसचं स्टिकर वाचत बसलो. वर मोठ्या लाल अक्षरात ४५० वॅट. खाली कोष्टक, भिंग घेऊन वाचावं लागेल असं :

३.३ व्होल्ट – १४ अँपिअर
५ व्होल्ट – १५ अँपिअर
१२ व्होल्ट – १६ अँपिअर

आता प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जेवतात ते १२ व्होल्टच्या ताटात. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. एवढाच खरा दम. उरलेले आकडे ३.३ आणि ५ व्होल्टच्या नावावर दाखवलेत, ते सगळे धरले तरी बेरीज सव्वातीनशेच्या आत. ४५० कुठून आले हे छापणाऱ्यालाच ठाऊक.

ही जुन्या काळाची रचना आहे. पेन्टियम ४ येण्याआधी प्रोसेसरला वीज ५ आणि ३.३ व्होल्टवरून मिळायची. २०००च्या सुमारास १२ व्होल्टची वेगळी पिन आली आणि तेव्हापासून सगळा भार हळूहळू तिकडे सरकला. स्वस्त एसएमपीएस मात्र अजून जुन्याच हिशेबाने बनतात.

ताईच्या मशीनचा हिशेब : जीटीएक्स १०६० पूर्ण जोरात १२० वॅट, प्रोसेसर ६५ म्हणतो पण थोडा जास्तच घेतो, वर डिस्क, पंखे, बोर्ड. म्हणजे १९२च्या काठावर नव्हे, काठाच्या पलीकडे. आठ वर्षं चाललं हेच नवल. कार्ड गेलेलं नाही, बहुतेक.

मागच्या बाजूला ११५/२३० असं लाल बटण आहे. हे दिसलं की समजायचं, आत पॉवर फॅक्टर सुधारणारं सक्रिय सर्किट (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारं) नाही, आणि चुकून कुणी बटण ११५वर सरकवलं तर फटाका. सध्याच्या बऱ्या एसएमपीएसना हे बटण नसतं, ते १००पासून २४० व्होल्टपर्यंत आपोआप जुळवून घेतात.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

भाग ठरवायला बसलो. सगळ्यात आधी ताईला फोन करून एकच प्रश्न विचारला : फुटेज कसलं येतं? तिचं उत्तर, तिचा कॅमेरा आणि भाड्याने येणारी दोन पोरं, सगळे ४:२:२ दहा बिटमध्ये (रंगांची जास्त माहिती साठवणारी पद्धत) शूट करतात, काही एच.२६४, काही एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती). या एका उत्तरावर निम्मी यादी ठरली.

कारण असं की ४:२:२चं फुटेज टाइमलाइनवर उलगडायला बहुतेक ग्राफिक्स कार्डांकडे सोय नव्हती. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरांतलं अंगचं ग्राफिक्स एच.२६५मधलं उलगडायचं, म्हणून एडिटिंगवाले इंटेलच घ्या असं सांगत आले. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेत मात्र एच.२६४ आणि एच.२६५ दोन्हींचं ४:२:२ थेट कार्डातच उलगडतं. कार्ड त्या मालिकेतलं घेतलं की प्रोसेसर कुठलाही चालतो.

म्हणून कार्ड : आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीचं. ८ जीबीचं स्वस्त आहे, पण चार कॅमेऱ्यांची टाइमलाइन आणि वर नॉइज रिडक्शन, तिथं ८ पुरायचं नाही.

प्रोसेसर : रायझन ७ ७७००. आठ कोअर, आणि मुख्य म्हणजे जिभेवर ताबा असलेला. खोक्यावर ६५ वॅट लिहिलंय, सॉकेटमधून (बोर्डावरची त्याची बैठक) जास्तीत जास्त ८८ ओढतो. कूलर सोबत येतो, तो वेगळा घ्यायला नको. याच्याही पोटात लहानसं ग्राफिक्स आहे. उद्या कार्ड बिघडलं तरी मॉनिटर बोर्डाला लावून निदान बिल तरी छापता येईल.

इंटेलकडे एक मोह होता. त्यांच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे काही बोर्ड डीडीआर४ घेतात, जुनी रॅम वापरता आली असती. पण ती २४०० वेगाची, ८-८ जीबीच्या दोन काड्या. शंभराची चप्पल वाचवायला पाचशेचा सोफा कापण्यासारखं. रायझनच्या एएम५ सॉकेटवर डीडीआर५शिवाय पर्याय नाही, पण एएमडीने हा सॉकेट किमान २०२७पर्यंत चालवायचं सांगितलंय, म्हणजे तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल.

बोर्ड : बी६५०, मायक्रो एटीएक्स (लहान आकाराचा). ९००० मालिकेचा प्रोसेसर घेतला असता तर दुकानातल्या बोर्डात जुना बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) निघण्याची धास्ती. ७७०० जानेवारी २०२३चा, त्यामुळे आज विकला जाणारा कुठलाही बी६५० बोर्ड त्याला ओळखतो.

रॅमचा भाव विचारला : १६-१६च्या जोडीला साडेनऊ हजार. ताईला म्हटलं आजच घेऊन टाकू. ती म्हणाली, "धनत्रयोदशीला ऑफर असते."

रविवार, १२ ऑक्टोबर

कागद बघितला. सात नोंदी. तीन सकाळी आठच्या आसपास, दोन संध्याकाळी आठच्या, दोन लाइट गेल्याच्या वेळी. आठ म्हणजे खाली पाळी बदलते ती वेळ!

मल्टिमीटरला किमान-कमाल लावून भिंतीच्या सॉकेटला जोडला आणि दाजींबरोबर पोहे खात बसलो. एरवी २२८ व्होल्ट. पावणेआठला शेड थांबली तेव्हा २४१. आठ वाजले, खाली एकामागून एक माग सुरू झाले. मीटरने पकडलेला तळ १९६. प्रत्येक मागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर, आणि मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. वीस-बावीस माग मिनिटभरात उठले की वरच्या मजल्याला झटका बसणारच. खर्चीवाला (मजुरीवर कापड विणून देणारा) माणूस, त्याला काय सांगणार की माग सावकाश लाव.

मग यूपीएस. ६०० व्हीएचा. प्लग उपटला आणि मशीन लगेच गपगार. बॅटरी मेलेली. मग तो ओरडत कसा नव्हता? दाजी खाली बघत म्हणाले, "सारखं कुईकुई करायचं. बझर काढला मी."

आता मुंग्यांचं. मशीन चालू ठेवून भिंतीच्या त्याच स्विचबोर्डावर मोजलं : फेज ते न्यूट्रल २२७, फेज ते अर्थ ११२, न्यूट्रल ते अर्थ ११४. व्होल्टेज बरोबर मधोमध म्हणजे अर्थिंगची तार कुठेच पोचलेली नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला, एक न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थिंग असलं तर ते निमूट गळती जमिनीत सोडतात. नसलं तर कॅबिनेट निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. जीव जाण्याइतका करंट नसतो, पण हार्ड डिस्क, कॅमेरा, कार्ड रीडर सगळं त्या तरंगत्या बॉडीला जोडलेलं. ताईचे दोन कार्ड रीडर वर्षात गेले, त्याचं कारण हेच असेल असं छातीठोक म्हणणार नाही, पण संशय आहे.

सॉकेट उघडलं. तिसऱ्या भोकामागे हिरवी तार होती. भिंतीत दोन बोटं आत जाऊन संपत होती.

वायरमनला फोन केला. दिवाळीनंतर येतो म्हणाला, ताईने आवाज चढवल्यावर मंगळवारी येतो म्हणाला.

बुधवार, १५ ऑक्टोबर

वायरमन खरंच आला होता. मागच्या बोळात खड्डा, तांब्याची पट्टी, कोळसा-मीठ, तिथून जाड तार थेट स्टुडिओच्या स्विचबोर्डापर्यंत. ताईने व्हिडिओ कॉलवर मीटर धरून दाखवला : न्यूट्रल ते अर्थ १.८ व्होल्ट. मुंग्या बंद.

आता एसएमपीएसचा हिशेब. हा सगळे शेवटी करतात, उरलेल्या पैशात. मी सगळं वाईटात वाईट धरलं :

प्रोसेसर ८८, बोर्डावर वीज उतरवताना होणारा तोटा धरून १००.
कार्ड १८०.
बोर्ड ३०.
रॅम आणि एसएसडी २०.
दोन हार्ड डिस्क १६. सुरू होताना त्या प्रत्येकी २०-२५ वॅट मागतात, पण तेव्हा कार्ड झोपलेलं असतं.
पंखे ९.

बेरीज ३५५.

दाजींचा मित्र म्हणतो १००० वॅटचा घ्या. घेतला तर काही जळत नाही, बिलही वाढत नाही. एसएमपीएस गरजेपुरतंच ओढतो, पाटीवरचा आकडा म्हणजे पोटाची मर्यादा, भूक नव्हे. पण नुसतं मेल वाचताना मशीन ५०-६० वॅटवर असणार, आणि एवढ्या मोठ्या एसएमपीएसची कार्यक्षमता त्या टोकाला घसरते. पैसे तर जातातच.

मग ४५० का नाही? ३५५ बसतात की. याचं उत्तर कार्डाच्या स्वभावात आहे. १८० ही सरासरी. अधूनमधून सेकंदाच्या अगदी बारीक भागापुरतं कार्ड त्याच्या बरंच वर उडी मारतं. भिंतीवरच्या वॅटमीटरला ती दिसतही नाही, पण एसएमपीएसच्या संरक्षणाला दिसते आणि तो दचकून बंद होतो. २०२२मध्ये आलेल्या एसएमपीएसच्या एटीएक्स ३.० नियमात हेच लिहून टाकलं : १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार आला तरी एसएमपीएसने पडायचं नाही. म्हणून पहिली अट, एटीएक्स ३.० किंवा ३.१.

दुसरी अट, ६५० वॅट. ३५५ म्हणजे त्याच्या ५५ टक्के, पंखाही फार ओरडणार नाही. एनव्हिडिया या कार्डाला ६०० सुचवते, तेही पाळलं जातं.

तिसरी, १२ व्होल्टवर किती अँपिअर ते स्टिकरवर बघायचं. चांगल्या ६५०ला ५४ असतात, १२ गुणिले ५४ बरोबर ६४८. म्हणजे सगळा दम १२ व्होल्टला मिळतो. जुन्याचे १९२ आठवा.

८० प्लस गोल्डचं बिल्लं हवं, पण त्यावर भाळायचं नाही. ते फक्त कार्यक्षमता सांगतं. झटका सोसण्याची ताकद, कपॅसिटरचा दर्जा, संरक्षण नीट लागतं का, यातलं काही ते तपासत नाही. कंपनीचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. एकाच नावाचं मॉडेल आतून बदलत राहतं आणि पुष्कळदा ते बनवणारा कारखाना तिसराच असतो. सीसॉनिक, चॅनल वेल, ग्रेट वॉल हे दुसऱ्यांच्या खोक्यातही असतात. मॉडेलचं साल बघून, ते उघडून तपासणाऱ्यांचं वाचून घ्यायचं, बस्स.

आणि इचलकरंजीसाठी खास चौथी अट : टाकी मोठी हवी. लाइट गेली तरी एसएमपीएसच्या पोटातला मोठा कपॅसिटर काही मिलिसेकंद मशीन ओढून नेतो. नळ गेला तरी वरच्या टाकीतलं पाणी जसं थोडा वेळ येतं तसं. पूर्ण भारावर निदान १६ मिलिसेकंद तरी हवेत. आपल्याकडे विजेची एक फेरी २० मिलिसेकंदांची. स्वस्तात हाच कपॅसिटर आधी बारीक होतो, कारण तो महाग आणि बाहेरून दिसत नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

खरेदी. ताई आणि दाजी कोल्हापूरला आले. दुकानात पणत्या, पेढे, आणि कपाळाला हात लावलेले दुकानदार.

रॅम साडेनऊवरून तेरा हजार! आठ दिवसांत. कारखाने एआयच्या सर्व्हरला लागणारी मेमरी करण्यात गुंतलेत आणि आपल्यासारख्यांचा माल आटला. ताईने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. दुकानदार म्हणाला, "पुढच्या आठवड्यात याच भावात मिळेल असं समजू नका." घेतली. १६-१६ची जोडी, ६०००ची. पुढे वाढवायला दोन खाचा मोकळ्या आहेत खऱ्या, पण डीडीआर५मध्ये चारही खाचा भरल्या की वेग खाली येतो, हे तिला आत्ताच सांगून ठेवलं.

कार्डाची लांबी टेपने मोजली, कारण कॅबिनेटच्या पत्रकातला आकडा पुढचे पंखे लावायच्या आधीचा असतो. तीन पंख्यांचं कार्ड ३०० मिलिमीटरच्या वर, पंखा लावल्यावर बोटभर जागा उरत नव्हती. दोन पंख्यांचं घेतलं. वॅट तेवढेच, काम तेवढंच. त्याला साधी ८ पिनची एकच केबल लागते हेही बरं : ती १५० देते, खालच्या खाचेतून ७५, मिळून २२५. काही कंपन्या याच कार्डाला १६ पिनची नवी जोडणी देतात. १८० वॅटसाठी ती कशाला हे मला कळलेलं नाही.

एसएमपीएसला दुकानदाराने आधी दुसराच पुढे केला. "हा पण ६५०च आहे, अठराशे रुपये कमी." स्टिकर बघितलं, १२ व्होल्टवर ४२ अँपिअर, म्हणजे ५०४ वॅट. परत केला.

जीएसटीचं बिल ताईच्या स्टुडिओच्या नावावर घेतलं, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळेल. अशा गोष्टी ती विसरत नाही.

बुधवार, २२ ऑक्टोबर, पाडवा

नवा बोर्ड पाटावर ठेवून ताईने पूजा केली. यावेळी हळदीकुंकू खोक्याला लावायला लावलं, बोर्डाला नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

जोडणी. सकाळी साडेनऊला सुरुवात, दुपारी जेवायला दोन वाजले.

एएम५मध्ये पिना प्रोसेसरला नाहीत, बोर्डाला आहेत, १७१८. वरून सरळ ठेवायचा, दाबायचा नाही, दांडा ओढताना जो करकर आवाज येतो त्याला घाबरायचं नाही. दाजी घाबरले.

रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिल्या आणि तिसऱ्यात घातली तर कदाचित चालेल, पण ६०००ला टिकणार नाही.

प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन दिसायला सारखी. प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी फुटते, कार्डाची ६ अधिक २ अशी. खोबणींचा आकार वेगळा असल्याने उलटसुलट जाऊ नयेत, पण जोर लावणारा माणूस काहीही बसवतो. केबलवर छापलेलं वाचायचं.

एक चूक माझी : कॅबिनेटला पुढे टाइप-सी आहे, बोर्डावर त्याची जोडणीच नाही. केबल गुंडाळून ठेवून दिली. ताईला अजून सांगितलेलं नाही.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं. दाजी म्हणाले, "गेलं काय?" डीडीआर५ पहिल्यांदा लावली की बोर्ड तिच्याशी ओळख करून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात. माणसं इथेच धीर सोडतात, बटण दाबून बंद करतात आणि मग ती ओळख पुन्हा पहिल्यापासून. साडेतीन मिनिटांनी बायोस आला. रॅम ४८०० दाखवत होती, एक्स्पो (रॅमला तिच्या पाटीवरच्या वेगाने चालवायची बायोसमधली सोय) चालू केल्यावर ६०००.

हार्ड डिस्क उद्या लावतो. रात्री मशीन कोल्हापूरला घेऊन आलो, चार दिवस माझ्याकडे चालवून बघायचं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

हे लिहायची इच्छा नाही.

दोन डिस्क कॅबिनेटमध्ये दोन टोकांना. एसएमपीएससोबत आलेली, डिस्कला वीज देणारी साटाची केबल एकीपर्यंत पोचली, दुसरीला कमी पडली. सोबतची दुसरी केबल खोक्यात होती, खोकं ताईकडे राहिलं. रात्रीचे अकरा वाजले होते. माझ्या खणात दुसऱ्या एका मॉड्युलर (केबली काढता-लावता येणाऱ्या) एसएमपीएसची साटाची केबल होती. तेच काळं सहा पिनचं तोंड, तीच खोबण. लावली. टक् करून बसली.

बटण दाबलं. टिक् असा आवाज आला आणि मशीन सुरू झालंच नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा नुसता टिक्. आणि मग वास. ज्याने एकदा घेतलाय त्याला तो सांगावा लागत नाही.

मला हे माहीत होतं. दहा जणांना सांगितलंय मी. केबलचं डिस्ककडचं टोक प्रमाणित असतं, एसएमपीएसकडचं नसतं. प्रत्येक कंपनी, कधी एकाच कंपनीचे दोन मॉडेल, पिनांचा क्रम वेगळा ठेवतात. तोंड बसतं म्हणून तार जुळते असं नाही. मीटर लावून बघितलं : त्या केबलने ५ व्होल्टच्या जागी १२ पाठवले होते.

डिस्क ४ टीबीची. मागच्या हंगामाचं सगळं तिच्यात. बाहेरच्या डिस्कवर प्रत आहे, शेवटची एक हळद आणि एक साखरपुडा सोडून. त्या दोन्हींचं अल्बम-व्हिडिओ द्यायचं बाकी आहे.

ताईला फोन केला नाही.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

डिस्कच्या हिरव्या पाटीवर वीज आत येते तिथे दोन बारकी काळी चौकोनी ठोकळी असतात, एक ५ व्होल्टची, एक १२ची. टीव्हीएस डायोड. व्होल्टेज मर्यादेच्या वर गेलं की ते स्वतः शॉर्ट होऊन मरतात आणि मागच्या चिपला वाचवतात. एसएमपीएसने शॉर्ट ओळखला म्हणून तो सुरूच होत नव्हता, तो टिक् त्याचाच. सोळा आणे बरा एसएमपीएस घेतला होता म्हणून एवढ्यावर भागलं.

पाटी काढली. ५ व्होल्टच्या डायोडला मीटर लावला, दोन्हीकडून शून्य ओहम. मेलेला. १२चा ठीक. सोल्डरिंग आयर्न, चिमटा, श्वास रोखून अर्धं मिनिट. डायोड उडून टेबलाखाली गेला, सापडला नाही, गरजही नाही. मागचं मोजलं, शॉर्ट गेला.

आता ही डिस्क विनाढालीची. माझ्या जुन्या मशीनला, त्याच्याच केबलने लावली. घरघरली. दिसली.

आधी हळद कॉपी केली, मग साखरपुडा, मग बाकीचं. पहाटे पावणेचारला संपलं. डिस्कवर मार्करने लिहिलं : "वापरू नये. डायोड काढला आहे." खणातल्या केबलीही बाहेर काढल्या. ज्या कुठल्या एसएमपीएसच्या आहेत हे नक्की माहीत आहे त्यांना चिठ्ठी बांधली, बाकी कापून टाकल्या. कापल्या, कारण नुसत्या फेकल्या तर घरातलं कुणीतरी "चांगल्या आहेत की" म्हणून परत खणात ठेवतं.

ताईला सकाळी सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "नवी डिस्क तू घेणार." घेतली.

रविवार, २ नोव्हेंबर

इचलकरंजी. मशीन जागेवर. प्लगमध्ये लावायच्या वॅटमीटरवर :

नुसतं चालू – ६२
चार कॅमेऱ्यांची टाइमलाइन – १५० ते २१०
एक्स्पोर्ट – २९०च्या आसपास
प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुद्दाम पिळले – ३८१

३५५ला ९० टक्क्यांनी भागलं तर भिंतीवर ३९४ यायला हवे होते. तेराचा फरक, वाईटात वाईट धरलं होतं म्हणून.

मग बॅकअप. नवा यूपीएस घ्यायचा तर दोन मॉनिटर धरून साडेचारशे वॅट लागणार, ६०० व्हीएचा ३६० वॅटलाच संपतो, म्हणजे १००० व्हीएचा हवा. व्हीए बघून यूपीएस घेणारे इथेच फसतात. पण घरात इन्व्हर्टर आहेच, साइन वेव्हचा, ९०० व्हीए, पाटीवर ७५६ वॅट, खाली १५० एएचची बॅटरी. स्टुडिओचा पंखा-दिवे धरून ५७० होतात. बसतं.

मग जुनं मशीन लाइट गेल्यावर का पडायचं? इन्व्हर्टर भिंतीपासून ओढून मागे बघितलं. एक बारकं सरकतं बटण, धुळीने माखलेलं, "वाइड" बाजूला. त्या बाजूला इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी असतो, लाइट गेली की हळू जागा होतो, ३०-४० मिलिसेकंद लागतात. दिव्याला कळतही नाही, कॉम्प्युटरला तेवढ्यात वनवास. बटण "यूपीएस" बाजूला सरकवलं. आता बदल १० मिलिसेकंदांच्या आत, आणि आपली टाकी १६ची. यूपीएस बाजूला असताना व्होल्टेज १८०च्या खाली गेलं तरच तो बॅटरीवर जातो. मागांचा तळ १९६, त्याला तो बधणार नाही, आणि नव्या एसएमपीएसला १९६ म्हणजे काहीच नाही.

एक्स्पोर्ट लावलं आणि दाजींना मेन स्विच पाडायला सांगितलं. पडलं. पंखा क्षणभर मंदावला, दिवा लुकलुकला. मशीनला पत्ता नाही. दहा वेळा केलं. सातव्या वेळी दाजींनी विचारलं, "बघितलं की आता, अजून किती?"

बटणावर चिकटपट्टी लावली, कुणी सरकवू नये म्हणून.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ताईचा फोन. मुहूर्त सुरू झाले, तीन लग्नं हातात. भिंतीवरचा कागद अजून तिथंच आहे म्हणाली, रिकामा. सकाळी आठला मुद्दाम एक्स्पोर्ट लावून खिडकीत बसली होती. खाली माग उठले, ट्यूब मंद झाली, एक्स्पोर्ट चालूच.

मग म्हणाली, "पण ते पुढचं टाइप-सी चालत नाही रे."

त्यासाठी पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसणारं कार्ड मिळतं, त्यावर ती जोडणी असते. खाली एक खाच मोकळी आहे. उद्या दुकानात बघतो. आधी ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याखाली किती जागा उरते ते मोजायला हवं.